चुकाऱ्याची नोट खिशात टाकण्याआधी: बनावट नोट बाजारातच कशी ओळखावी

दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघतं, दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे लागतात, संक्रांत ओलांडली की तूर येते. कास्तकाराच्या हाती रोकड येण्याचे आणि वेचणीची, सोंगणीची मजुरी बाजाराच्या दिवशी रोखीने वाटण्याचे हेच महिने. बनावट नोट खपवणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तो बँकेच्या खिडकीवर जात नाही. दिवेलागणीला आठवडी बाजारात शिरतो, गर्दीच्या पानठेल्यावर वीस रुपयांचा खर्रा मागतो, पाचशेची नोट पुढे करतो आणि खरे चारशे ऐंशी रुपये घेऊन चालता होतो. ठेलेवाल्याचा खर्राही गेला आणि दिवसभराची कमाईही.

बनावट नोटेची भरपाई कुठेच मिळत नाही. बँक ती जप्त करते, बदलून देत नाही. म्हणून पारख करायची ती नोट देणारा समोर उभा असतानाच, आणि बाजाराच्या गर्दीत त्याला दहा-बारा सेकंदांहून जास्त थांबवता येत नाही. पुढची सगळी पद्धत या दोन अटी धरून सांगितली आहे. भर ५०० च्या नोटेवर आहे, कारण आज बाजारात फिरणारी सगळ्यात मोठी नोट तीच.

आधी खरी नोट हाताला माहीत करा

बनावट नोटा दरवेळी वेगळ्या निघतात, खरी मात्र एकाच पद्धतीने छापलेली असते. म्हणून अभ्यास खरीचा करायचा. बँकेतून आलेली एक कोरी ५०० ची नोट घ्या आणि सकाळच्या उन्हात अंगणात बसून पंधरा मिनिटं तिच्याकडे पाहा. ही नोट करड्या रंगाची, १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद. मागे लाल किल्ला, त्यावर तिरंगा, आणि डावीकडे छपाईचं वर्ष.

सगळ्यात आधी कागद. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो, त्यात लाकडाचा लगदा नसतो. म्हणूनच तो दोन बोटांत ताणला तरी ताठ राहतो, हलवला की करकर वाजतो आणि पुन्हापुन्हा घडी घातली तरी घडीवर लवकर तुटत नाही. झेरॉक्सचा किंवा प्रिंटरचा कागद स्पर्शाला गुळगुळीत, थोडा मेणचट लागतो. त्याची घडी पडली की घडीच्या रेषेवर शाई उडते आणि आतला पांढरा कागद डोकावतो. खरी नोट जुनी झाली की मऊ पडते, मळते, पण घडीवर अशी पांढरी रेघ सहसा उमटत नाही.

आता नोट डोळे मिटून चाचपा. गांधीजींचं चित्र, उजवीकडचा अशोकस्तंभ, उजव्या बाजूचं गोल चिन्ह आणि दोन्ही कडांवरच्या पाच-पाच तिरक्या रेघा, एवढ्या जागी छपाई उठावाची असते. अंगठ्याच्या नखाची कड त्या रेघांवरून हलकेच आडवी ओढली तर पाच बारीक ठेचा लागतात. कोरलेल्या प्लेटवरून खूप दाबाने शाई कागदावर उतरवली की असा उठाव येतो, घरगुती प्रिंटरला तो जमत नाही. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना नोट ओळखता यावी म्हणून या खुणा ठेवल्या आहेत, पण अंधाऱ्या ठेल्यावर त्या सगळ्यांच्याच कामाच्या. एक मर्यादा लक्षात ठेवा: दोन-तीन वर्षं हातोहात फिरलेल्या नोटेचा उठाव झिजतो. जुन्या नोटेच्या रेघा सपाट लागल्या म्हणून ती खोटी ठरवू नका. कोऱ्या करकरीत नोटेच्या रेघा सपाट लागल्या तर मात्र सावध व्हा.

धागा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

गांधीजींच्या चित्राच्या उजवीकडे उभा सुरक्षा धागा आहे. नोट टेबलावर ठेवून पाहिली तर तो सलग दिसत नाही. हिरवा चकाकता तुकडा, मग कागद, मग परत हिरवा तुकडा, असा तो कागदात बुडत आणि वर येत जातो. त्यावर ‘भारत’ आणि इंग्रजीत ‘आरबीआय’ ही अक्षरं आहेत. आता नोट तिरकी करा. समोरून हिरवा दिसणारा धागा कलताना निळा होतो. मग नोट उजेडासमोर धरा, तोच तुटक धागा वरपासून खालपर्यंत एकसंध काळसर रेघ दिसतो.

या तिन्ही गोष्टी एकत्र साधणं अवघड, म्हणून बहुतेक बनावट नोटा इथेच उघड्या पडतात. कुणी नुसती हिरवी शाई छापतं, ती कितीही कलती केली तरी हिरवीच राहते. कुणी चकाकत्या पन्नीची पट्टी वरून चिकटवतं. ती चमकते, कधी रंगाची झाकही मारते, पण नखाने कड टोकरली की वर येते, कारण ती कागदाच्या आत विणलेली नसते. आणखी एक प्रकार दोन पातळ कागद चिकटवून केलेल्या नोटेचा: आत धाग्याऐवजी पट्टी ठेवून वर-खाली छापलेले कागद डकवलेले असतात. अशा नोटेचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून उलटसुलट चोळला तर कागदाचे पापुद्रे सुटायला लागतात. खऱ्या नोटेचा कोपरा चोळून फार तर मऊ होईल, त्याचे दोन पदर होणार नाहीत.

धाग्यासारखाच रंग बदलणारा दुसरा भाग म्हणजे खाली उजवीकडे रुपयाच्या चिन्हासह मोठ्या अक्षरात छापलेला ५०० चा आकडा. तोही हिरव्याचा निळा होतो. धागा आणि आकडा, दोन्ही एकाच वेळी तपासण्याची सोपी तऱ्हा अशी: नोट छातीसमोर आडवी धरा आणि वरची कड स्वतःकडे, मग स्वतःपासून दूर, अशी एकदा झुलवा. एका झुलवणीत दोन्ही रंग बदलायला हवेत.

उजेडाआड काय दिसतं

नोटेची उजवी बाजू रिकामी दिसते. उजेडासमोर धरली की तिथे गांधीजींचं चित्र आणि बाजूला ५०० चा आकडा उमटतो. हा जलचिन्हाचा भाग शाईने छापलेला नसतो. कागद बनतानाच तो काही जागी जाड, काही जागी पातळ ठेवलेला असतो, त्यामुळे चेहऱ्याच्या छटा हळूहळू गडद आणि फिकट होत जातात, कुठेही कडक कड नसते. बनावट नोटेत ही आकृती फिकट करड्या शाईने किंवा तेलकट पदार्थाने छापतात. ओळखायची युक्ती सोपी: नोट टेबलावर सपाट ठेवा. उजेडाशिवायच चेहरा स्पष्ट दिसत असेल तर ते जलचिन्ह नव्हे.

डाव्या बाजूला खाली आणखी एक खूण आहे. पुढच्या बाजूला ५०० च्या आकड्याचे काही तुकडे छापलेले, मागच्या बाजूला बाकीचे. उजेडासमोर धरलं की दोन्ही बाजू एकमेकींत बसून पूर्ण आकडा होतो. बनावट नोटेच्या दोन बाजू वेगवेगळ्या वेळी छापल्या जातात, कागद केसभर सरकतो आणि आकड्याचे तुकडे एकमेकांवर चढतात किंवा मध्ये फट राहते. जवळच एक लपलेला आकडाही आहे. नोट डोळ्यांच्या पातळीवर आणून ४५ अंशांत कलती केली तरच तो दिसतो. पण त्याला चांगला उजेड आणि सराव दोन्ही लागतात. बाजाराच्या घाईत त्याच्या नादी लागू नका.

नंबर वाचा

वर डावीकडे आणि खाली उजवीकडे नोटेचा क्रमांक असतो. पहिली तीन अक्षरं-अंक एकाच उंचीचे, पुढचे सहा अंक मात्र डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. दोन्ही जागचा क्रमांक तोच हवा. आणि एकाच माणसाने दिलेल्या नोटांत दोन नोटांचा क्रमांक एकच निघाला, शिवाय छपाईचं वर्ष, गव्हर्नरची सही आणि क्रमांकाच्या जागी छापलेलं छोटं अक्षरही तेच असेल, तर पुढे काहीही तपासण्याची गरज नाही. खऱ्या नोटांत एकच क्रमांक दोनदा आला तरी या तिन्हींपैकी काहीतरी वेगळं असतं. बनावट छापणारे एकाच चित्रावरून दहा-वीस नोटा काढतात, त्यामुळे ही चूक त्यांच्याकडून वारंवार होते. कुणी चार-पाच पाचशेच्या नोटा दिल्या तर शेवटचे तीन अंक वाचण्याची सवय लावून घ्या. इंग्रजी शब्दांचं स्पेलिंगही नजरेखालून घाला, रिझर्व्ह बँकेच्या नावातलं एखादं अक्षर चुकलेल्या बनावट नोटा सापडलेल्या आहेत.

ठेल्यावरचा क्रम

घरी एवढा अभ्यास झाला की बाजारात हाच क्रम आपोआप चालतो. नोट हातात घेताच अंगठा कडेच्या रेघांवरून फिरवायचा. मग एकदा झुलवायची, धागा आणि आकडा दोन्ही निळे झाले का पाहायचं. मग दिव्यासमोर धरून चेहरा आणि सलग धागा बघायचा. तिन्हींत पास झाली तर गल्ल्यात. एकात शंका आली तर बाकीच्या दोन नीट पाहायच्या. दोन ठिकाणी अडली तर नोट घ्यायची नाही. एका खुणेवरून निकाल देऊ नका, कारण खरी नोट झिजते, मळते, भिजते, आणि चांगली बनावट नोट एखाद्या खुणेत फसवून जाते.

हा क्रम प्रत्येक ५०० ला लावा, ओळखीच्या माणसाच्या नोटेलाही. गावातल्या म्हाताऱ्या मावशीने दिलेली नोट तिला बाजारातच कुणीतरी दिलेली असू शकते. सगळ्यांचीच तपासली की कुणाला अपमान वाटत नाही.

उजेडाचं काय? लोडशेडिंगच्या गावात हा खरा प्रश्न आहे. पिवळ्या बल्बखाली हिरवा-निळा फरक जवळजवळ दिसत नाही. पांढरा एलईडी दिवा एका जागेवरून पडत असेल तर रंगबदल उत्तम दिसतो. दिवा नसेल तर मोबाइलची टॉर्च पुरे: जलचिन्हासाठी नोटेच्या मागे लावा, धाग्यासाठी वरून तिरकी मारा. ठेल्याच्या छताला बाहेरच्या बाजूला एक पांढरा दिवा टांगला तर गिऱ्हाईकही उजेडात येतं, आणि बनावट नोट खपवणारा उजेडातल्या दुकानात सहसा थांबत नाही.

बंडल घेताना

कापसाचा किंवा बैलजोडीचा व्यवहार मोठा असेल तर फसवणुकीची तऱ्हा बदलते. गड्डीच्या वर आणि खाली दोन-दोन खऱ्या नोटा, मध्ये ‘चिल्ड्रन बँक’ किंवा ‘मनोरंजन बँक’ छापलेले खेळण्यातले कागद. ढोरबाजारात संध्याकाळी घाईने पट्टी बांधलेली गड्डी हातात ठेवली तर ती तशीच पिशवीत टाकू नका. पट्टी काढा, गड्डी पंख्यासारखी पसरा, जलचिन्हाची कोरी बाजू सगळ्या नोटांवर एकसारखी येते का पाहा, मग शंभर नोटा एक-एक मोजा. मधूनच दहा नोटा काढून त्यांना तोच तीन टप्प्यांचा क्रम लावा. इसाराची रक्कमही अशीच तपासून घ्या.

त्याहून बरा मार्ग म्हणजे रक्कम बँकेच्या शाखेत घेणं. व्यापाऱ्याला म्हणावं, बँकेत या, तिथेच मशीनवर मोजून खात्यात भरतो. नोट बनावट निघाली तरी ती कुणाच्या हातून आली हे तिथल्या तिथे स्पष्ट राहतं. कापूस महामंडळ हमीभावाचा चुकारा थेट बँक खात्यात देतं. खेडा खरेदीतही, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतो तेव्हाही, खात्यावर पैसे मागण्यात काही गैर नाही.

२०० आणि १००

पद्धत तीच, खुणा थोड्या वेगळ्या. २०० ची नोट पिवळी, १४६ बाय ६६ मिलिमीटर, मागे सांचीचा स्तूप. धागा आणि खालचा आकडा, दोन्ही हिरव्याचे निळे होतात. कडेला चार तिरक्या रेघा, त्यांच्यामध्ये दोन गोल, आणि उठावाची खूण इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी. १०० ची नवी नोट जांभळी, १४२ बाय ६६, मागे गुजरातमधली राणी की वाव, उठावाची खूण त्रिकोण आणि रेघा चार. तिचा धागा रंग बदलतो, पण १०० चा आकडा बदलत नाही, तो बदलला नाही म्हणून नोट परत करू नका. निळसर हिरवी जुनी १०० ची नोटही चालते. २००० च्या नोटा १९ मे २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने चलनातून मागे घ्यायला घेतल्या. कुणाकडे राहिली असेल तर ती बाजारात घेऊ नका, रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयाचा रस्ता दाखवा.

खऱ्या नोटेला खोटी ठरवणाऱ्या गोष्टी

निळ्या दिव्याची छोटी टॉर्च हल्ली बऱ्याच दुकानांत दिसते. अतिनील उजेडात खऱ्या नोटेचा कागद मंद राहतो आणि क्रमांक, धागा, कागदात विखुरलेले बारीक तंतू चमकतात. साधा कागद मात्र सगळाच निळसर पांढरा झळकतो. हे खरं, पण दोन खोडे आहेत. शर्टाच्या खिशात राहून धुतली गेलेली खरी नोटही अशीच झळकते, कारण कपड्याच्या पावडरीतला चमक आणणारा पदार्थ तिच्यात मुरलेला असतो. आणि हळदही या उजेडात पिवळी-हिरवी चमकते. हळदीचं पीक घेणाऱ्या गावात किंवा मसाल्याच्या दुकानात नोटेवर असा डाग दिसला तर घाबरू नका. टॉर्च नेहमी सावलीत वापरा, उन्हात तिचा काही उपयोग नाही.

नोट तपासायचं आयोडीनचं पेन घेऊ नका. ते कागदातल्या स्टार्चला काळं पडतं. पिठाच्या गिरणीत किंवा खळ दिलेल्या कपड्यात फिरलेल्या खऱ्या नोटेवरही काळा डाग उमटू शकतो, आणि स्टार्च नसलेल्या कागदावरची बनावट नोट सुटून जाते. नोट ओली करणं, थुंकी लावणं, कडेला काडी ओढणं यानेही खरी नोट खराब होण्यापलीकडे काही हाती लागत नाही. स्वस्तातलं नोटा मोजण्याचं मशीन मोजणीला चांगलं, पण त्याने पास केलेली प्रत्येक नोट खरी असेलच असं नाही. रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ हे ॲप अंध व्यक्तींना नोट किती रुपयांची ते सांगण्यासाठी आहे, खरी-खोटी ते सांगत नाही.

क्रमांकात अक्षरांनंतर तारा असलेल्या नोटेबद्दल गावोगावी संदेश फिरतात. ती खरी नोट आहे. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी जी दुसरी घातली जाते तिच्यावर तारा असतो, आणि रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. हिरवी पट्टी गव्हर्नरच्या सहीजवळ असेल तर खरी आणि गांधीजींच्या चित्राजवळ असेल तर खोटी, हा संदेशही चुकीचा. दोन्ही खऱ्या. उर्जित पटेल, शक्तिकांत दास, संजय मल्होत्रा, यांपैकी कुणाचीही सही असलेली नवी नोट चालते. जाता जाता दहाच्या नाण्याचंही सांगायला हवं: अजूनही कित्येक दुकानदार ते घेत नाहीत, पण रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं आहे की त्याचे सगळे १४ नमुने वैध आहेत.

शंका आली तर

नोट अजून समोरच्याच्या हातात किंवा तुमच्या काउंटरवर असेल तर फक्त एवढंच म्हणा: “भाऊ, ही नोट जरा शंकेची वाटते, दुसरी द्या.” आरडाओरड नको. तो माणूस स्वतःच फसलेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्याकडे सारख्या क्रमांकाच्या नोटा दिसल्या, किंवा तोच माणूस बाजारात ठेल्यामागून ठेल्यावर पाचशे मोडत फिरत असेल, तर गाडीचा नंबर लक्षात ठेवून ११२ वर फोन करा. पकडण्याची धावपळ करू नका.

नोट गल्ल्यात आल्यावर, देणारा निघून गेल्यावर लक्षात आलं तर ती पुढे कुणाला देऊ नका. खोटी आहे हे माहीत असून नोट खपवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. खपवण्याच्या इराद्याने जवळ ठेवणं कलम १८० खाली येतं. नोट पाकिटात घाला, तिच्यावर काही लिहू नका, पाकिटावर तारीख, वेळ, कुठे आणि कोणाकडून मिळाली ते लिहा, आणि दोन-चार दिवसांत बँकेत किंवा पोलीस ठाण्यात द्या. नोट कायदेशीर व्यवहारातून हाती आली हे दाखवता आलं तर तो गुन्हा ठरत नाही, असं कलम १८० मध्येच लिहिलं आहे. त्यासाठी पाकिटावरची ही नोंद आणि त्या दिवसाची वहीतली विक्री उपयोगी पडते.

एटीएममधून शंकेची नोट आली तर तिथून हलू नका. नोटेची दोन्ही बाजू कॅमेऱ्यासमोर धरा, पावती घ्या, गार्ड असेल तर त्याच्या वहीत नोंद करायला लावा आणि त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार द्या.

बँकेत बनावट ठरलेली नोट तुम्हाला परत मिळत नाही. तिच्यावर शिक्का मारून शाखा ती जप्त करते आणि ठरावीक नमुन्यातली पावती देते. तुम्ही पावतीवर सही केली नाही तरी पावती द्यावीच लागते, ती मागून घ्या. एका वेळी चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या तर शाखा महिन्याच्या अखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल देते, पाच किंवा जास्त निघाल्या तर लगेच गुन्हा नोंदवायला कळवते. म्हणून बचत गटाची किंवा सोसायटीची रक्कम भरायला जाणाऱ्याने कुणी किती रुपये कोणत्या नोटांत दिले याची यादी आदल्या दिवशीच सह्यांसह करून सोबत न्यावी, आणि नोटा गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर तपासून मगच पिशवीत भराव्यात.